घरावरील सौर वीज : एका श्रावकाच्या वहीतील जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजिलेल्या या व्याख्यानमालेत माझ्या आधी तत्त्वज्ञानावर, आगमांवर आणि आहारशुद्धीवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्यानंतर कापडाच्या गादीवर चाळीसहून अधिक वर्षे बसलेल्या माझ्यासारख्या माणसाने सौर विजेवर बोलावे, अशी समितीची आज्ञा झाली. मी अभियंता नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि रोजमेळ लिहिण्याची सवय अजून सुटलेली नाही, एवढेच माझे या विषयातील भांडवल. तेव्हा तांत्रिक बाजू आवश्यक तेवढीच सांगेन आणि मुख्यतः हिशेब मांडेन. त्या हिशेबात माझी एक चूकही आहे. ती लपवून बोलणे मला शक्य नाही, कारण माझ्या सांगण्यावरून आपल्यातील तीन कुटुंबांनी आपल्या घरांवर सौर संच बसविलेले आहेत आणि ती कुटुंबे आज समोर बसलेली आहेत.

सूर्याचे आणि आपल्या जिल्ह्याचे नाते जुने आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा अभ्यास करण्यासाठी सर नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गच्या किल्ल्यात तळ ठोकून होते. हेलियम वायूचा शोध तेथेच लागला असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. खरे पाहता हेलियमची पहिली खूण १८६८ सालच्या निरीक्षणांत दिसली होती आणि लॉकियर साहेब विजयदुर्गास आले ते त्यानंतर तीस वर्षांनी. पण सूर्य पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडून माणसे आपल्या किनाऱ्यावर आली, हे तरी खरेच. आपण मात्र त्याच सूर्याचा उपयोग सुके बोंबील आणि आमसुले वाळविण्यापलीकडे फारसा केला नाही. (बोंबलाचा उल्लेख या व्यासपीठावर झाला याबद्दल क्षमस्व, किनाऱ्याचे वर्णन त्यावाचून पुरे होत नाही.)

महाराष्ट्रात या कामी धार्मिक संस्था मागे नाहीत. शिर्डी संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ तबकड्यांची यंत्रणा बसवून सूर्याच्या उष्णतेने वाफ करून स्वयंपाक सुरू झाला. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे छोटेसे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाले. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, केंद्र सरकारची पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना. तिच्या नावातील 'मोफत' या शब्दाने बरेच घोटाळे केले आहेत. व्यापाऱ्याला फुकट या शब्दाची धास्ती वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

योजनेचे स्वरूप असे. घरगुती जोडणीवर पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान. म्हणजे दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठा संच बसविला तरी अनुदान ७८,००० वरच थांबते. रक्कम आधी आपण पूर्ण भरायची, संच सुरू होऊन तपासणी झाली की अनुदान आपल्या बँक खात्यात जमा होते. मागच्या दाराने कोणाला काही द्यावे लागत नाही. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे असावे आणि संच नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच बसवावा, या दोन अटी विसरू नयेत.

आता महावितरणचे गणित. आपल्या छपरावर दिवसा तयार होणारी वीज आपण वापरून उरली की ती तारांतून महावितरणकडे जाते. रात्री आपण त्यांच्याकडून घेतो. दोन्हीकडची नोंद करणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात. मला ही पद्धत समजली ती आपल्या खतावणीमुळे. दिलेली युनिटे जमेच्या बाजूस, घेतलेली नावे, आणि महिनाअखेर बाकीचे बिल. जमा बाकी निघाली तर पुढच्या महिन्यात ओढली जाते. आपले वहीपूजन दिवाळीत असते, महावितरणचे वर्ष मात्र ३१ मार्चला मिटते. त्या दिवशी उरलेली जमा युनिटे महावितरण आपल्याला विकते त्यापेक्षा पुष्कळच कमी दराने विकत घेते आणि पाटी कोरी होते.

माझ्या घरी मी, पत्नी, मुलगा-सून आणि नातू राहतो. वर्षभराची बिले काढून पाहिली तेव्हा सरासरी वापर महिन्याला २८० युनिट निघाला. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दरपत्रक असे होते : पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, शिवाय प्रत्येक युनिटावर वहन आकार १ रुपया १७ पैसे, स्थिर आकार १२८ रुपये आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तर २८० युनिटांचे बिल सुमारे ३,२२० रुपये होते. २०२५ मध्ये आयोगाने दरांचा नवा आदेश काढला, म्हणून आपण आपल्या ताज्या बिलावरील आकडे घालून हेच गणित पुन्हा करावे. पद्धत तीच राहील.

मी नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन किलोवॅटचा संच बसविला. उंच सांगाड्यासह २,१०,००० रुपये खर्च आला. अनुदान ७८,००० वजा जाता १,३२,००० माझ्या पदरचे. डिसेंबरपासून मी दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवीत आहे. आपल्या किनाऱ्याचे चित्र त्यात स्पष्ट दिसते. मार्च आणि एप्रिलमध्ये ४०० च्या वर युनिटे, मे मध्ये ३९०. मृग लागला की घसरण. जूनमध्ये २३०, जुलैमध्ये अवघी १७०, ऑगस्टमध्ये २१०. सप्टेंबरला २८० आणि ऑक्टोबरपासून पुन्हा ३४० ते ३६० च्या दरम्यान. वर्षाची बेरीज ३,८४५. म्हणजे चातुर्मासात आपल्यासारखाच संचही अल्पाहारी होतो. यात एक सोय मात्र चांगली आहे. वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने एप्रिल-मे मधील शिल्लक जुलै-ऑगस्टच्या तुटीला कामी येते. हिवाळ्यातील शिल्लक मात्र मार्चअखेर कमी दराने जाते.

माझा वार्षिक वापर ३,३६० युनिट, निर्मिती ३,८४५. बिल स्थिर आकार व त्यावरील शुल्क मिळून १५० रुपयांच्या आसपास आले. महिन्याला ३,०७५ रुपये, वर्षाला ३६,९०० रुपये बचत. १,३२,००० भागिले ३६,९०० म्हणजे साधारण साडेतीन वर्षांत मुद्दल परत. हा आकडा मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला उत्साहाने सांगितला. तीन कुटुंबांनी तो ऐकून तीन-तीन किलोवॅटचे संच घेतले.

चूक येथे आहे. ती मला कोणी दाखविली नाही. गेल्या पर्युषणात एका दुपारी वही चाळताना ती माझी मलाच दिसली.

विजेचा दर कापडाच्या दरासारखा नसतो. आपल्याकडे गिऱ्हाईक जास्त मीटर घेईल तर दर कमी लावतो. वीज जास्त घेतली तर दर चढतो. त्यामुळे सौर संचाने बिल कमी होऊ लागते तेव्हा प्रथम वरची, म्हणजे महाग युनिटे गळतात. वहन आकार आणि शुल्क धरून १०० च्या वरचे युनिट मला १३ रुपये २९ पैशांना पडत होते. १०० च्या आतले ६ रुपये ८२ पैशांना. माझी १८० युनिटे महागाच्या खान्यात होती. ती वाचविण्यास दोन किलोवॅटचा संचही पुरेसा होता. दोन किलोवॅटची निर्मिती माझ्याच छपराच्या प्रमाणात महिन्याला २१३ युनिटे धरली तर बचत महिन्याला सुमारे २,६२० रुपये, वर्षाला ३१,४०० च्या वर होते. त्या वेळी दोन किलोवॅटचा भाव मला १,४५,००० सांगितला होता. अनुदान ६०,००० वजा जाता ८५,०००. म्हणजे पावणेतीन वर्षांत मुद्दल मोकळे.

तिसऱ्या किलोवॅटसाठी मी पदरचे ४७,००० अधिक घातले. त्याने वर्षाला काय दिले? शिल्लक युनिटांचे मिळणारे पैसे सोडले तर सुमारे ५,४०० रुपये. त्या ४७,००० ना परत येण्यास साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागेल. साडेतीन वर्षांचा आकडा खोटा नव्हता, पण तो सरासरीचा होता. आणि चांगला ताका व कटपीस एकत्र मोजून काढलेल्या सरासरीने दुकानदार स्वतःलाच फसवितो, हे मला गादीवर बसल्यापासून ठाऊक होते.

हिशेब आणखी थोडा पुढे न्यावा लागेल, कारण वाचलेली सर्व रक्कम नफा नसते. १,३२,००० बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी ९,२४० रुपये व्याज आले असते. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे सांगतात, मी खाऱ्या वाऱ्यामुळे वीसच धरतो. त्याचा घसारा ६,६००. इन्व्हर्टर दहाएक वर्षांनी बदलावा लागेल, त्याची तरतूद वर्षाला ३,५००. धुणे-पुसणे, तपासणी २,०००. एकूण २१,३४०. बचत ३६,९००. खरा लाभ वर्षाला १५,५६०. दोन किलोवॅटचा हाच ताळेबंद मांडला तर व्याज ५,९५०, घसारा ४,२५०, इन्व्हर्टर ३,०००, देखभाल १,५००, एकूण १४,७०० आणि खरा लाभ सुमारे १६,७००. माझ्या शिल्लक युनिटांचे पैसे धरले की दोन्ही संच जवळपास एकाच ठिकाणी येतात. अर्थ असा की ४७,००० रुपये मी छपरावर नेऊन ठेवले आणि ते तेथे केवळ ऊन खात बसले.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बँकेच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो, वाचलेल्या बिलावर लागत नाही. विजेचे दर वाढले तर बचतही वाढते. ज्यांचा वापर ३०० युनिटांच्या पुढे जातो, त्यांना त्या खान्यात २०२४-२५ च्या दराने वीज आकारच १४ रुपये ५५ पैसे होता; अशा घराला तिसरा किलोवॅट निःसंशय फायद्याचा. माझ्या सांगण्यावरून संच घेतलेल्या तीन कुटुंबांची बिले मी त्यांच्या परवानगीने तपासली. दोन घरांत वातानुकूलन यंत्रे आहेत, तेथे तीन किलोवॅट योग्यच ठरला. तिसऱ्या घराचे मात्र माझ्यासारखेच झाले आहे. त्या बंधूंकडे मी घरी जाऊन हे सांगितले आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, "शेठजी, बिल दीडशे रुपये येतंय, मग अजून काय हवं?" त्यांचे समाधान झाले, माझे झालेले नाही.

याच संदर्भात आपल्या समाजातील एका ज्येष्ठ भगिनींचा प्रसंग सांगतो. त्या एकट्या राहतात. दोन दिवे, पंखा, एक लहान फ्रीज. महिन्याला ८० युनिट. एका विक्रेत्याने त्यांना तीन किलोवॅटचा संच सुचविला आणि त्यासाठी मुदत ठेव मोडण्याची त्यांची तयारी झाली होती. सही करण्याआधी त्या दुकानात आल्या. मी म्हटले, "माई, ही ठेव मोडू नका." त्या रागावल्याच. "तुम्ही स्वतः बसवलंत, चार जणांना सांगितलंत, आणि मला नको म्हणता? माझ्या पैशाचीच तेवढी तुम्हाला काळजी?" मी त्यांच्यासमोर वही उघडली. ८० युनिटांचे त्यांचे बिल २०२४-२५ च्या दराने ७०० च्या आत होते. सगळी वीज छपरावरून आली तरी स्थिर आकार राहणारच, म्हणून बचत महिन्याला साडेपाचशे रुपयांहून अधिक होणे शक्य नाही. एक किलोवॅटचा संच अनुदान वजा जाता ५०,००० ला पडला तरी मुद्दल परत येण्यास साडेसात वर्षे. तीन किलोवॅटचा तर प्रश्नच नाही. त्या ठेवीच्या व्याजावर त्यांची औषधे येतात. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "एवढं त्या मुलाने सांगितलंच नाही हो." विक्रेत्याने सांगावे ही अपेक्षाच चुकीची, असे मी म्हणणार नाही, मीही विक्रेताच आहे. गिऱ्हाइकाला लागेल तेवढेच कापड फाडावे, हा आमच्या वडिलांचा दंडक होता. १०० युनिटांच्या आतील घरांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये केंद्राच्या अनुदानाखेरीज वेगळे साहाय्य जाहीर केले आहे. अशा घरांनी ते आपल्याला लागू होते का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारावे आणि मगच नवा हिशेब मांडावा. माईंचा अर्ज आम्ही त्यासाठी राखून ठेवला आहे.

आता आपल्या किनाऱ्याच्या काही विशेष अडचणी.

पहिली म्हणजे गैरसमजाची. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. माड उन्मळले, खांब आडवे झाले आणि अनेक वाड्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या. ते दिवस कोणी विसरलेले नाही. त्यामुळे सौर संच घेतला की पुन्हा तसा अंधार नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. महावितरणशी जोडलेला साधा संच, तारांतील वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून हे मुद्दाम केलेले असते. भर दुपारी डोक्यावर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद, हा अनुभव मी घेतला आहे. नातवाने विचारले, "आजोबा, सूर्य पण लोडशेडिंग करतो का?" वादळात वीज हवी असेल तर बॅटरीचा संच लागतो. तो बराच महाग आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. माझे मत असे की, घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो तसाच ठेवावा. चार दिवे आणि दोन पंखे त्यावर चालतात.

दुसरी अडचण खाऱ्या वाऱ्याची. माझ्या सांगाड्याचे मुख्य खांब चांगले होते, पण नटबोल्ट साधे लोखंडी निघाले. पहिल्याच पावसाळ्यात त्यांतून तांबडे पाणी गळू लागले. सर्व बदलून स्टेनलेस स्टीलचे बसविण्यास ६,५०० रुपये लागले. ही रक्कम वरच्या ताळेबंदात मी धरलेली नाही. करारपत्र नीट न वाचल्याचा तो माझा दंड आहे. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला असावा, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत, आणि हे दोन्ही करारपत्रात लिहून घ्यावे. कौलारू घर असेल तर कौलांवर थेट भार देऊ नये. एकेका पॅनेलचे वजन वीस-पंचवीस किलोच्या पुढे असते आणि वादळी वारा पॅनेलला शिडासारखे उचलू पाहतो. चिऱ्याच्या भिंतीचा आधार किंवा खळ्यात स्वतंत्र सांगाडा, याचा सल्ला जाणत्या माणसाकडून घ्यावा. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. तोंड दक्षिणेकडे. मालवण सोळाव्या अक्षांशावर असल्याने उतारही साधारण पंधरा-सोळा अंशांचा पुरतो. पावसाचे पाणी त्यावरून आपोआप वाहून जाते आणि पॅनेल धुतले जातात.

तिसरी अडचण माडाची. माझ्या छपराच्या नैऋत्येस कुंपणापाशी एक जुना माड आहे. हिवाळ्यात तीन वाजल्यानंतर त्याची सावली छपरावर येते. पॅनेल एकमेकांना ओळीने जोडलेले असल्याने एकावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. संच बसविणाऱ्याने सहज सांगितले, "माड काढून टाका, काम सोपं होईल." घरातून एकमुखाने नकार आला. वडिलांच्या हातचा माड, त्यावर पोपटांची ढोली. वीज वाचविण्याच्या नावाने झाड तोडावयाचे आणि त्यास जीवदयेचे कार्य म्हणावयाचे, हे आम्हाला जमणारे नव्हते. दोन पॅनेल पूर्वेकडे सरकविले. थोडी युनिटे जातात. ती मी माडाच्या नावे खर्ची टाकली आहेत.

पॅनेलखालच्या सावलीत कबुतरांना घरटे करणे फार आवडते. आमच्याकडे श्रावणात एका जोडीने ते केलेच. अंडी असताना घरटे हलविणे शक्य नव्हते. पिल्ले उडून जाईपर्यंत तो भाग धुतला नाही आणि त्यानंतर चारही बाजूंनी जाळी लावली. ही जाळी संच बसविताना पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, म्हणजे कोणाचेच घर मोडत नाही. पॅनेल धुण्यास गाळलेले पाणी आणि मऊ कापड पुरते. पाणी सकाळी लवकर, काच तापण्याआधी टाकावे, आणि शेवाळ धरण्याआधीच पुसावे, म्हणजे नंतर खरवडण्याची हिंसा टळते.

वीज सचित्त की अचित्त, हा वाद मोठमोठ्या आचार्यांचा आहे. त्यात पडण्याचा माझा अधिकार नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्या राज्यातील बहुतांश वीज आजही कोळशापासून येते. एका युनिटामागे ढोबळमानाने अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो. चंद्रपूरच्या खाणीत काय होते ते आपल्याला मालवणात दिसत नाही, एवढेच. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण आणि अनर्थदंड विरमण ही दोन व्रते आहेत. कपड्यांचे जोड, खाण्याचे पदार्थ यांची मर्यादा आपण घेतो. विजेच्या युनिटांची मर्यादा कोणी घेतल्याचे मी ऐकलेले नाही. आमच्या घरी संच येण्याआधी वापर २८० होता. संच आल्यावर पहिल्या चार महिन्यांत तो ३१० वर गेला, कारण 'आता काय, फुकटचीच आहे' ही भावना. रिकाम्या खोलीतला पंखा फिरताना दिसू लागला. मी जेवणाच्या खोलीत महिन्याचा आकडा फळ्यावर लिहू लागलो आणि सुनेने गिझरची वेळ ठरवून दिली. आज तो आकडा पुन्हा २६० वर आला आहे. पर्युषणात नातवाने नियम घेतला तो खोलीतून बाहेर पडताना दिवा मालविण्याचा. हा नियम हिशेबाच्या दृष्टीने माझ्या तिसऱ्या किलोवॅटपेक्षा स्वस्त पडला.

शेवटचा विषय आपल्या ट्रस्टचा. मंदिर, उपाश्रय, भोजनशाळा आणि सभागृह असलेल्या आपल्या वास्तूवर सौर संच बसवावा, असा प्रस्ताव सुवर्णमहोत्सवी वर्षात आलेला आहे आणि काही दात्यांनी उदारपणे रकमाही बोलल्या आहेत. मी प्रस्तावाच्या बाजूने आहे. पण तीन गोष्टी आधी ठराव्यात असे वाटते.

एक, सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती जोडणीला आहे. ट्रस्टची जोडणी घरगुती नाही, म्हणून ७८,००० चा आकडा येथे धरू नये. दोन, उपाश्रयात पूज्य साधू-साध्वीजी विराजमान असताना दिवे लागतच नाहीत, भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी बंद होते. आपला मोठा वापर पंप, भोजनशाळेची यंत्रे आणि पर्युषणातील सभागृहाचे पंखे यांचा आहे. पैकी पहिले दोन दिवसाचे, म्हणजे सौर विजेस सोयीचे. तिसरा नेमका अशा महिन्यात येतो, जेव्हा माझ्या संचाने ऑगस्टात २१० युनिटे दिली होती. बारा महिन्यांची बिले समोर ठेवूनच संचाचा आकार ठरवावा, बोलल्या गेलेल्या रकमेवरून नव्हे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. संचाचा खर्च कोणत्या खात्यातून? देवद्रव्याला हात लावून आणलेल्या विजेवर भोजनशाळेचा मिक्सर फिरला तर तो दोष कोणाच्या माथी? माझे नम्र मत असे की, खर्च साधारण खात्यातून किंवा त्यासाठीच आलेल्या देणग्यांतून व्हावा. मंदिराच्या वापरासाठी वेगळा उपमीटर बसवावा आणि होणारी बचत, ज्या खात्याने खर्च केला त्याच खात्यात दरमहा जमा दाखवावी. याविषयी पूज्य गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घेऊन मगच ठराव करावा. पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टच्या वहीत एका खात्याची रक्कम दुसऱ्यात गेलेली नाही. ही नोंद माझ्या तोंडची नाही, दरवर्षीच्या लेखापरीक्षण अहवालातली आहे.

ज्यांना आपल्या घरचा हिशेब करून पाहावयाचा असेल त्यांनी गेल्या बारा महिन्यांची बिले घेऊन दुकानात यावे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असते. वही आणि पेन्सिल माझी, चहा उकाळा जो चालत असेल तो. बिले मात्र बाराही आणावीत. जुलैचे विसरू नये.

जय जिनेंद्र.